गरोदरपणात बीपी वाढलं तर: कुठल्या आठवड्यात काय विचारायचं आणि काय करून घ्यायचं

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, १ किलो ४०० ग्रॅमची. त्याआधी चारपाच दिवस माझं डोकं दुखत होतं, पाय तर सुजलेच होते पण अंगठीपण बोटातून निघेना, आणि घरात सगळे म्हणत होते की आठवं लागलंय, सूज येणारच, पाय उशीवर ठेवून पड जरा. त्याच आठवड्यात तपासणीला गेले होते तर बीपीचं मशीन बिघडलंय म्हणून बीपी घेतलंच नाही, वजन करून गोळ्या देऊन परत पाठवलं, आणि मीपण गप घरी आले कारण मला माहितीच नव्हतं की त्या एका आकड्यावर एवढं सगळं अवलंबून असतं. तिसऱ्या रात्री डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले तेव्हा गाडी काढून पळालो. बीपी १७० वर १२०.

दोघी वाचलो. नंतर एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून मी जमेल तेवढं वाचायला लागले, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि हळूहळू कळलं की यातले बहुतेक उपचार जुने आहेत, स्वस्त आहेत, आपल्याकडे मिळतात. अडचण एकच आहे, प्रत्येक उपचाराची एक वेळ आहे. कुणाचा बारावा आठवडा, कुणाचे बाळंतपणाआधीचे ४८ तास, कुणाचा जन्मानंतरचा पहिला मिनिट. ती वेळ गेली की तेच औषध मग कुणी फुकट दिलं तरी उपयोगाचं राहत नाही. म्हणून हे सगळं वेळेच्या क्रमाने लिहिते. औषधं यात आहेत ती डॉक्टरांना विचारण्यासाठी आहेत, मेडिकलमधून स्वतःहून आणून घेण्यासाठी नाहीत, हे आधीच सांगते.

पहिले तीन महिने: तारीख पक्की करा, ॲस्पिरिनचं विचारा

दिवस गेल्याचं कळलं की ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी चुकवू नका आणि तिचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. पाळीची तारीख बऱ्याच जणींना नीट आठवत नाही, आणि सातव्या आठव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीवरून आठवडे काढले तर दोनतीन आठवड्यांची चूक सहज होते. पुढे कळा लवकर आल्या किंवा बीपी चढलं तर डॉक्टरांचा प्रत्येक निर्णय 'नक्की किती आठवडे झालेत' यावरच ठरतो, त्यामुळे हा एक कागद सोन्याच्या मोलाचा आहे.

आता ॲस्पिरिन. हो, तीच हृदयाच्या पेशंटना देतात ती, अगदी कमी डोसमध्ये. ज्यांना बीपीच्या त्रासाचा म्हणजे प्रीएक्लाम्प्सियाचा (गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढतं आणि बहुतेकदा लघवीतून प्रोटीन जातं, तो आजार) धोका जास्त आहे त्यांनी १५० मिलिग्रॅम रोज रात्री ११ ते १४ आठवड्यांमध्ये सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत घेतली तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लाम्प्सिया साधारण ६२ टक्क्यांनी कमी झाला, असं २०१७ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं. ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. आणि २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास आला तो तर आपल्या दाराशी झालेला, सहा देशांतल्या जवळजवळ १२ हजार पहिलटकरणींवर, त्यात भारतातली दोन केंद्रं होती, नागपूर आणि बेळगाव. तिथे ८१ मिलिग्रॅमची गोळी सहा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान सुरू केली आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आलं. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण गोळीची किंमत बघा आणि एनआयसीयूच्या एका दिवसाचं बिल बघा.

धोका जास्त कुणाला? मागच्या खेपेला बीपीचा त्रास झालेला असेल, आधीपासून बीपी, डायबेटिस किंवा किडनीचा आजार असेल, जुळी असतील, ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तसा) आजार असेल, तर यातलं एकही कारण पुरेसं आहे. आणि पहिलंच बाळंतपण, वय ३५ च्या पुढे, वजन जास्त, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला, दोन मुलांत दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर, यातली दोन कारणं जमली तरी डॉक्टरांना सरळ विचारायचं, "मला ॲस्पिरिनची गरज आहे का?" एवढंच वाक्य. माझ्या आईला माझ्या वेळी बीपी झालं होतं आणि माझं पहिलंच होतं, म्हणजे दोन कारणं होती, पण मी विचारलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केली तर फायदा बराच कमी होतो म्हणून हा प्रश्न दुसऱ्याच भेटीत काढा. पोटात अल्सर असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, दम्याला ती चालत नसेल तर तेही सांगा.

चौथ्या महिन्यापासून: कॅल्शियम

सरकारी दवाखान्यात आशाताई किंवा सिस्टर कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, दिवसाला दोन, चौदाव्या आठवड्यापासून. बऱ्याच जणी हाडांसाठी असतील म्हणून डबीत तशाच ठेवतात. पण ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी आहे त्यांच्यात कॅल्शियममुळे बीपीच्या त्रासाचा धोका कमी होतो, आणि २०२४ साली बेंगळुरू आणि टांझानियातल्या प्रत्येकी ११ हजार बायकांवरच्या अभ्यासात दिसलं की प्रीएक्लाम्प्सिया टाळायला रोजची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही १५०० मिलिग्रॅमइतकंच काम करते. म्हणजे कधी एखादी गोळी चुकली तर जिवाला लावून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी चालतं, चहा नको.

विसाव्या आठवड्यानंतर: आकडा स्वतः लिहून घ्या

प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, या दोन गोष्टी झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मशीन बंद आहे म्हणाले तर दुसऱ्या ठिकाणी जाऊन त्याच दिवशी मोजून घ्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. आणि आकडा माता बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचा, 'नॉर्मल आहे' एवढं ऐकून घरी यायचं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते तिचाही फायदा घ्या.

घरी डिजिटल मशीन असेल तर मोजायची पद्धत नीट पाळा कारण चुकीच्या पद्धतीने दहावीस पॉइंट इकडेतिकडे होतात: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर ब्लाउजच्या बाहीवरून नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यावर बीपी खोटं वाढलेलं दिसतं.

१४० वर ९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. दोन्हीपैकी एकच आकडा वर असला तरी. १६० वर ११० आलं तर ती इमर्जन्सी आहे, तिथे अर्ध्या ते एका तासात बीपी उतरवायचं औषध मिळायला पाहिजे, त्यामुळे थोड्या वेळाने परत मोजून बघू, सकाळी जाऊ, असला विचार अजिबात करू नका.

आणि आकडा काहीही असो, ही लक्षणं दिसली की निघायचं: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं (याला घरोघरी ॲसिडिटी म्हणून इनो देतात, फार धोक्याचं आहे), अचानक चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, लघवी कमी होणं, दम लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. पायांची सूज एकटी असेल तर बहुतेकदा साधी असते, पण ती साधी आहे हे बीपी मोजल्यावर ठरतं, सासूबाईंनी किंवा शेजारच्या काकूंनी बघून ठरत नाही.

लवकर डिलिव्हरी होणार असं वाटलं की: आधी जागा, मग इंजेक्शनं

प्रीएक्लाम्प्सियाचं खरं औषध म्हणजे बाळंतपण, वार बाहेर पडल्याशिवाय तो आजार थांबत नाही. म्हणून डॉक्टर रोज तोलत असतात की आईला आणखी किती दिवस सुरक्षित ठेवता येईल आणि बाळाला आत राहून किती फायदा होईल. ३७ आठवडे झाले असतील तर थांबण्यात अर्थ नसतो. त्याआधी असेल तर पहिला प्रश्न हा विचारा, "इथे एवढ्या कमी आठवड्यांचं बाळ सांभाळायची सोय आहे का?" नसेल तर बाळ पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात हलवा. जन्मल्यावर थरथरत्या ॲम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईचं पोट ही सगळ्यात चांगली पेटी आहे. १०८ आणि १०२ दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा, आणि सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईचं बाळंतपण आणि आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ऐन वेळी पैशाच्या चर्चेतच दोन तास जातात.

आता फुप्फुसांचं इंजेक्शन, म्हणजे लवकर होणाऱ्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ते स्टेरॉइड. मला याची गोष्ट फार भिडली म्हणून जरा सविस्तर सांगते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर वेगळाच अभ्यास करत होते, कळा कशा सुरू होतात याचा. त्यांना दिसलं की स्टेरॉइड दिल्यावर खूप लवकर जन्मलेली कोकरं, जी जगायलाच नको होती, ती श्वास घेतायत. मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी २८२ आयांवर अभ्यास केला, तो १९७२ साली छापून आला, आणि बाळांचे श्वासाचे त्रास आणि मृत्यू कमी झालेले दिसले. एवढं असूनही पुढची वीसेक वर्षं जगभरातल्या बऱ्याच दवाखान्यांत हे इंजेक्शन नेमाने दिलं जात नव्हतं. औषध होतं, पुरावा होता, आणि तरी बाळं जात राहिली.

हे इंजेक्शन साधारण २४ ते ३४ आठवड्यांत आणि पुढच्या सात दिवसांत बाळंतपण होण्याची दाट शक्यता असेल तेव्हा देतात, आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार वेळा. २०२० साली भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरिया या पाच देशांत २,८५२ बायकांवर तपासलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले, म्हणजे दर पंचवीस आयांमागे एक बाळ जास्त वाचलं.

पण इथेच एक महत्त्वाची दुसरी बाजू आहे. २०१५ साली छापलेल्या सहा देशांतल्या अभ्यासात, त्यातही नागपूर आणि बेळगाव होतं, गावपातळीवर हे इंजेक्शन सरसकट द्यायचा प्रयत्न झाला, आठवड्यांचा नीट अंदाज नाही, मोठी सोय नाही, अशा ठिकाणी, तर एकूण बाळांचे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी थोडे वाढले. कारण ज्यांना दिलं त्यातल्या बऱ्याच जणींची बाळं खरं म्हणजे लवकर होणारी नव्हतीच. म्हणून 'खबरदारी म्हणून सगळ्यांनाच आठव्या महिन्यात टोचून घ्या' असं कुणी सांगत असेल तर विचारा, माझं बाळंतपण आठवड्याभरात होईल असं तुम्हाला का वाटतं? तो पहिल्या सोनोग्राफीचा कागद इथे कामाला येतो.

दुसरं इंजेक्शन मॅग्नेशियम सल्फेट. हे प्रीएक्लाम्प्सियात आईला येऊ शकणाऱ्या झटक्यांसाठी. २००२ च्या मॅगपाय अभ्यासात ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायका होत्या आणि झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. शिवाय ३२ आठवड्यांच्या आत बाळ होणार असेल तर त्याच्या मेंदूलाही यामुळे संरक्षण मिळतं. देताना अंग पेटल्यासारखं गरम होतं, मला तर वाटलं काहीतरी चुकलंय, पण ते अपेक्षित असतं. सिस्टर दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली बघतात, तो औषध जास्त होऊ नये म्हणूनचा पहारा आहे, वैतागू नका.

बीपी वाढलंय म्हणजे सिझरच, असं नाही. तुमची आणि बाळाची तब्येत बघून कळा आणायचा प्रयत्न करता येतो. नागपूरच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आणि डागा हॉस्पिटलमध्ये बीपीचा त्रास असलेल्या ६०२ बायकांवर झालेला अभ्यास २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला: मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली तर ५७ टक्के बायका २४ तासांत नॉर्मल बाळंत झाल्या, फोलीचा फुगा (गर्भाशयाचं तोंड उघडायला आत ठेवतात ती फुगा असलेली नळी) लावलेल्यांत ४७ टक्के. म्हणजे हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. डॉक्टर म्हणाले की नाही, सिझरच लागेल, तर कारण समजून घ्या आणि सही करा, माझं सिझरच झालं आणि ते बरोबर होतं.

पहिला मिनिट

बाळ रडलं, श्वास घेतंय, तर नाळ निदान एक मिनिट कापू नये. वारेतलं रक्त तेवढ्या वेळात बाळाकडे जातं, आणि कमी दिवसांच्या बाळांत यामुळे मृत्यूचा धोका कमी होतो असं आता वेगवेगळे अभ्यास एकत्र करून दिसलंय. बाळाला लगेच श्वास द्यावा लागत असेल तर डॉक्टर आधी ते बघतील, तिथे हट्ट धरू नका. पण हे बोलणं ऑपरेशन थिएटरच्या दारात सुचत नाही, आधीच्या भेटीत बोलून ठेवा.

छातीशी, पेटीच्या आधी

आपल्याकडे म्हणतात सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. मला हे माझ्या मुलीच्या दुसऱ्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी ऐकवलं. साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची ताकद वाढवतो, आठव्याचं बाळ सातव्याच्या बाळापेक्षा जास्त तगतं. हे वाक्य कुणी बाळंतिणीच्या कानाशी बोललं तर घरातल्या कुणीतरी तिथेच थांबवा, तिच्या दुधावर परिणाम होतो अशा बोलण्याचा.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. बरीच वर्षं समज असा होता की बाळ स्थिर झाल्यावर मग आईकडे द्यायचं. २०२१ च्या अभ्यासाने, ज्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं आणि आफ्रिकेतली चार, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी लावलं आणि दिवसाला सरासरी सतरा तास ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. एवढा फरक दिसला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास.

करायचं कसं: बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहील आणि तोंड तुम्हाला दिसेल. वरून जुन्या सुती लुगड्याचा पट्टा घट्ट बांधायचा आणि पुढून उघडणारा गाऊन. तुम्ही तीस ते चाळीस अंशात टेकून बसायचं, सपाट झोपायचं नाही. तुम्हाला सिझरच्या टाक्यांनी होत नसेल तर नवरा बसेल, आजी बसेल, फक्त ताप खोकला नको. एनआयसीयूत विचारलं नाही तर बऱ्याच ठिकाणी आईला आत घेतच नाहीत, म्हणून रोज विचारा, "आज किती तास मिळेल?"

दूध पहिल्या काही तासांतच पिळायला सुरुवात करायची, बाळ ओढत नसलं तरी, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी. पहिल्या दिवशी चमचाभर चीक निघतो आणि वाटतं की एवढ्याने काय होणार, तेवढाच लागतो आणि तोच हवा असतो. बाटली नको, वाटी चमचा किंवा आपलं बोंडलं. तुमचं पुरत नसेल तर मिल्क बँक (दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं ती) आहे का विचारा, मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली आणि आता बऱ्याच शहरांत आहेत. मध, गुटी, साखरपाणी काहीही नाही.

घरी आल्यावर

शेगडीची धुरी बाळाच्या खोलीत नको, लहान फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. आंघोळ आणि मालिशवाल्या बाई वजन वाढेपर्यंत थांबू शकतात, डॉक्टर सांगतील तेव्हा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात, त्यांना दारातून परत पाठवू नका. ही घरी जाऊन बाळ तपासायची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं आणि पुढे देशभराचा कार्यक्रम झाला.

बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेलं, तळवे पिवळे, झटका, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना.

आणि डोळे. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं कारण बाळ दिसायला एकदम छान असतं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, फारच लहान असेल तर दोनतीन आठवड्यांतच. आरओपी, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांच्या या पडद्याला होणारा आजार, वेळेत सापडला तर लेझरने दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचं अंधत्व. डिस्चार्जच्या दिवशीच तपासणीची तारीख लिहून घ्या, कानांच्या तपासणीचीही.

आई

बाळाच्या धावपळीत आईचं बीपी कुणी बघत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते परत चढू शकतं, नेमकं घरी आलेलं असतं तेव्हा, आणि झटके नंतरही येऊ शकतात, सहा आठवड्यांपर्यंत. त्या आठवड्यात रोज मोजा, गोळ्या मनाने बंद करू नका, डोकं दुखलं तर बाळंतिणीला वारा लागला म्हणून कान बांधून झोपवू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, मग दर वर्षी एकदा बीपी आणि साखर, कारण ज्यांना प्रीएक्लाम्प्सिया झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. माझी मुलगी आता पहिलीत जाते, मी तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात माझी तपासणी करून घेते म्हणजे विसरत नाही.

डिस्चार्ज कार्डावर 'प्रीएक्लाम्प्सिया' हा शब्द, किती आठवड्यांना झालं, सगळ्यात जास्त बीपी किती होतं, हे लिहून घ्या आणि पहिल्या सोनोग्राफीच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या भेटीला तीच पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, बारावा आठवडा उलटायच्या आत.